वाचवलेली चाळीस मिनिटं

वाडी, नागपूर
६ एप्रिल २०२५

आदरणीय बाई,

सादर प्रणाम. मी अनंत भोयर. उमरेडच्या शाळेत १९९६ साली दहावीत होतो, तुम्ही आम्हाला इंग्रजी शिकवलं. तिसऱ्या बाकावर बसायचो. नाही आठवलं तरी चालेल.

तुमचा मनीषनगरचा पत्ता माझ्या बायकोनं, देवकीनं, शाळेतून मिळवला. तुम्हाला आता ऐकू येत नाही, फोन घेत नाही, पण पत्राला उत्तर देता, असं तिला सांगितलं गेलं. ते ऐकून मला बरं वाटलं. मीही फोन बंद करून कपाटात ठेवला आहे.

मी इथं वाडीत एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामावर सोळा वर्षं गाड्या सोडायचं काम केलं. कोणती गाडी कधी भरायची, कोणत्या ड्रायव्हरला कुठं पाठवायचं, पोहोचली की नाही, सगळं माझ्याकडे. फेब्रुवारीत काम सोडलं. तब्येतीचं कारण दिलं. तब्येतीला तसं काही झालेलं नाही.

आता विमानतळाकडे एका विदेशी कंपनीचं गोदाम सुरू होत आहे. जूनमध्ये मुलाखत आहे, ती इंग्रजीतून. देवकी म्हणाली अर्ज करा, म्हणून केला. मला हो किंवा नाही काहीच वाटलं नाही.

माझं इंग्रजी गाडीच्या कागदांपुरतं आहे. पत्रातून थोडं शिकवाल का?

आपला विद्यार्थी,
अनंत

* * *

मनीषनगर
१२ एप्रिल

चि. अनंत,

आशीर्वाद. तिसऱ्या बाकावरचा मुलगा मला आठवत नाही, आणि आठवतो असं खोटं लिहिणार नाही. उमरेडला एकतीस वर्षं शिकवलं; बाक तेच राहायचे, मुलं बदलायची.

बहिरी झाल्याला चार वर्षं झाली. सुमंतनं, माझ्या मुलानं, कानात घालायचं मशीन आणलं. त्यातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, माणसं येत नाहीत. म्हणून काढून ठेवलं. तुला शिकवीन. लाल शाईची बाटली घरात आहे, वाळली होती, पाणी घातलं.

तुझ्या कामात 'टाइम' हा शब्द उठता-बसता लागणार. तिथून सुरू करू. सुटे शब्द पाठ करू नकोस. शब्दांच्याही सोयरिकी असतात. कोणता शब्द कोणाच्या घरी नांदतो ते बघायचं. आपण मराठीत वेळ 'घालवतो'. सत्कारणी घालवला काय आणि उकिरड्यावर घालवला काय, क्रियापद एकच. इंग्रज वेळ पैशासारखा खर्चतो, तो 'स्पेंड टाइम'. उधळला की 'वेस्ट टाइम'. राखला की 'सेव्ह टाइम'. कुणासाठी सवड काढली तर 'मेक टाइम'. कुणी सवड मागितली तर 'आस्क फॉर टाइम', दिली तर 'गिव्ह टाइम'. हाताला काम नसलं की 'किल टाइम'. आणि वेळ संपून गेला की 'रन आउट ऑफ टाइम'.

एक जपायचं. 'किल टाइम' म्हणजे आपलं वेळ मारून नेणं नव्हे. वेळ मारून नेणं म्हणजे तेवढ्यापुरतं काहीतरी सांगून सुटका करून घेणं. त्याला इंग्रजीत असा जोडीचा शब्द मला तरी सापडलेला नाही.

प्रत्येकाचं एक वाक्य करून पाठव. पुस्तकातलं नको. तुझ्या गोदामातलं हवं.

यमुताई

* * *

वाडी
२४ एप्रिल

आदरणीय बाई,

वाक्यं पाठवतो. मराठी अक्षरांतच लिहिली आहेत, स्पेलिंगची भीती वाटते.

द ड्रायव्हर स्पेंट द होल नाइट ऑन द रोड.
ही आस्क्ड मी फॉर टाइम.
आय डिड नॉट गिव्ह हिम टाइम.
आय सेव्ह्ड फॉर्टी मिनिट्स.
आय किल टाइम एव्हरी डे.

'मेक टाइम' आणि 'वेस्ट टाइम' पुढच्या वेळी करतो. 'रन आउट ऑफ टाइम'चं वाक्य केलं होतं, खोडलं.

अनंत

* * *

मनीषनगर
३० एप्रिल

चि. अनंत,

शाबास. ड्रायव्हर रात्रभर रस्त्यावर. त्यानं तुझ्याकडे वेळ मागितला. तू दिला नाहीस. तू चाळीस मिनिटं वाचवलीस. पाचही वाक्यं निर्दोष आहेत. प्रत्येकापुढे बरोबरची खूण केली आहे. चौथं मला विशेष आवडलं. नुसतं 'वेळ वाचवला' असं मोघम न लिहिता तू मिनिटांचा आकडा दिलास. मुलाखतीत असाच आकडा द्यावा, ऐकणाऱ्याला माणूस कामाचा वाटतो.

एक सहज विचारते. वेळ मागणारा हा 'ही' कोण? खरा माणूस आहे का?

आता नवा धडा. 'ऑन टाइम' आणि 'इन टाइम'. मराठीत दोन्ही 'वेळेवर'. पण ठरलेल्या ठोक्याला पोहोचलं की 'ऑन टाइम'. काही बिघडायच्या आत पोहोचलं की 'इन टाइम'. डॉक्टर दवाखान्यात दहाला येतात, ते ऑन टाइम. रोगी हाती लागतो, ते इन टाइम. माणूस ऑन टाइम असून इन टाइम नसू शकतो.

सकाळी फिरायला जात जा. हस्ताक्षर दबलेलं दिसतं.

यमुताई

* * *

वाडी
१९ मे

आदरणीय बाई,

उत्तराला उशीर झाला. कारण काही नाही.

तो 'ही' कल्पनेतला आहे.

तुम्ही फिरायला सांगितलं म्हणून गेलो. अमरावती रोडच्या कडेनं ट्रकांची रांग होती. अर्ध्या वाटेतून परत आलो. दिवसा बाहेर खुर्ची टाकून बसतो. देवकी शेजारच्या बायांचे ब्लाउज शिवते, मशीन चालू असली की बरं वाटतं, बंद झाली की कळतं की बंद झाली. परवा तिनं भाजीत मीठच घातलं नव्हतं. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "अहो, सांगायचं नाही का?" मला समजलंच नव्हतं. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग ताटं उचलून आत गेली.

नवी वाक्यं:

द ट्रक डिड नॉट रीच ऑन टाइम.
द ट्रक डिड नॉट रीच.

दुसऱ्यात 'टाइम' नाही. ते चालेल का?

अनंत

* * *

मनीषनगर
२५ मे

चि. अनंत,

चालणार नाही. धडा टाइमचा आहे. तुझं लक्ष नाही. काम सुटलं की माणसाला असं होतं; मी निवृत्त झाले तेव्हा महिनाभर सकाळी साडेनऊला साडी नेसून बसायची. काम लागलं की चव परत येईल.

मुलाखत जवळ आली. ते नक्की विचारतील: तुम्ही कामात वेळ वाचवल्याचं एखादं उदाहरण सांगा. तुझ्याकडे उत्तर तयार आहे. तुझीच वाक्यं घेऊन मी ती नीट जोडली आहेत, वेगळ्या कागदावर इंग्रजीत लिहून पाठवते. गाडी वाटेत विनाकारण उभी होती, मी लक्ष ठेवलं, ड्रायव्हरशी बोललो, चाळीस मिनिटं वाचवली. विनाकारण हे माझ्या पदरचं, तुला हवं तर बदल. आरशासमोर उभं राहून दहादा म्हण. ठासून म्हण.

यश मिळो.

यमुताई

* * *

वाडी
१७ जून

आदरणीय बाई,

मुलाखत ११ तारखेला झाली. निवड झाली. एक ऑगस्टपासून यायला सांगितलं आहे.

समोर तिघं होते. तुम्ही म्हटलं तेच विचारलं. मी तुमचं लिहून दिलेलं म्हणून दाखवलं, एक शब्द चुकला नाही. त्यातल्या एका बाईंनी मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं. देवकीनं शेजारी पेढे वाटले.

बाई, तो 'ही' कल्पनेतला नाही. त्यांचं नाव चंपतराव. अकरा वर्षं आमच्याकडे ड्रायव्हर होते. कोंढाळीच्या पुढे त्यांचं गाव आहे. आता सगळं लिहितो. जसं बोलणं झालं तसंच लिहितो, माझी भाषा दुरुस्त करू नका.

१९ फेब्रुवारीला ते हैदराबादवरून सकाळी साडेआठला आले. रात्रभर गाडी चालवून आले होते. रायपूरची गाडी भरून उभी होती, औषधं होती, आणि तिचा ड्रायव्हर आलाच नव्हता. मी म्हणालो, "चंपतराव, तुम्हीच घेऊन जा."

ते म्हणाले, "साहेब, मले चार घंटे झोपू द्या. डोळे मिटून राहिले."

मी म्हणालो, "रायपूरले गेल्यावर दोन दिवस झोपजा."

ते हसले. नळाखाली डोकं धरलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि अकरा वाजता निघाले.

गाडी कुठं आहे ते आम्हाला स्क्रीनवर दिसतं, एक निळा ठिपका असतो. एक वाजून चाळीस मिनिटांनी ठिपका साकोलीच्या पुढे थांबला. मी वीस मिनिटं पाहिलं. दोन वाजता फोन केला.

"गाडी काहून उभी आहे?"

"झाडाखाली लावली साहेब. एक घंटा झोपतो."

"वीस मिनिटं झाली तुमची. टाइम नाही चंपतराव. औषधवाली पार्टी माझ्या डोक्यावर बसून राहिली."

ते म्हणाले, "निघतो साहेब."

एका घंट्यातून वीस गेले. चाळीस मी वाचवले.

पावणेतीनला ठिपका देवरीच्या अलीकडे पुन्हा थांबला. मला राग आला. मला वाटलं, पुन्हा झोपले. मी सात वेळा फोन लावला. सातही वेळा मनात त्यांना काय-काय बोलायचं ते तयार करून लावला. आठव्या वेळी कोणीतरी उचलला. रस्त्यावरचा पंक्चरवाला होता. त्यानं विचारलं, "आप इनके घर से बोल रहे हो क्या?" मी म्हटलं, नाही, ऑफिसातून.

उभ्या ट्रेलरला मागून धडकले होते.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरनं पोलिसांत द्यायला एक कागद टाइप करून आणला. ड्रायव्हरला आठ तास विश्रांती दिली होती, त्यानं परस्पर गाडी थांबवली, मद्यपान केल्याचा संशय आहे, असं त्यात होतं. चंपतराव पीत नव्हते. मला माहीत होतं. मी सही केली. वेळ मारून नेली. त्याच आठवड्यात काम सोडलं. पुढे कळलं की गावात सगळे हेच म्हणतात, पिऊन मेला. त्यांची बायको आहे, गोपिकाबाई. मुलगी भूमिका बारावीला आहे.

मला रडू आलं नाही. अजून येत नाही. राग, भूक, काहीच धड येत नाही. देवकीला यातलं काही माहीत नाही.

आता काय करू, एवढं कळवा.

अनंत

* * *

मनीषनगर
९ जुलै

अनंत,

तुझं पत्र येऊन अठरा दिवस झाले. चार वेळा उत्तर लिहायला बसले आणि फाडलं.

आधी माझं सांगते. त्या वाक्यापुढे मी बरोबरची खूण केली. दिला नाहीस, यापुढे खूण. चाळीस मिनिटं वाचवलीस, यापुढे खूण, वर शाबासकी. एक मेलेला माणूस लाल शाईनं तपासला आणि त्याचं छान उत्तर करून तुझ्या हातात दिलं. 'विनाकारण' हा शब्द तर माझाच.

'ही' कोण, हे मी विचारलं तेव्हा तू कल्पनेतला म्हणालास. मला ते पटलं नव्हतं. खोटं बोलणाऱ्या मुलाचं अक्षर मी ओळखते. तरी पुढे विचारलं नाही. खरं विचारलं असतं तर तू लिहिणं थांबवलं असतंस, आणि निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी मला कोणीतरी शिकवायला मिळालं होतं. दुपारी पोस्टमनची वाट बघण्यात माझा दिवस जात होता. म्हणून मी गप्प बसले.

आता तुझं. तू विचारतोस काय करू. तुला माफ करायचा अधिकार मला नाही, म्हणून ते मी लिहिणार नाही. तुझी चूक नव्हती असंही लिहिणार नाही. गाडी भरलेली होती, वरून दबाव होता, हे सगळं खरं आहे. आणि फोन तू केलास हेही खरं आहे. पण फोन केलास तेव्हा काय होणार हे तुला माहीत नव्हतं. सही केलीस तेव्हा माहीत होतं. पहिलं आता कुणालाच बदलता येत नाही. दुसरं तुझ्या हातात आहे.

देवकीला आज सांग. मग ठाण्यात जाऊन खरं काय ते लिहून दे. मग त्या बाईंकडे जा. नव्या कंपनीला कळवायचं की नाही ते तू ठरव, पण तो माझा कागद फाडून टाक.

तिथं गेल्यावर इंग्रजी नको, पुस्तकी मराठीही नको. मला लिहिलंस तसं बोल.

यमुताई

* * *

वाडी
३ ऑगस्ट

आदरणीय बाई,

देवकीला सांगितलं. ती ऐकत असताना मशीनवर हात ठेवून बसली होती. शेवटी म्हणाली, "पेढे काहून वाटू दिले मले?" त्यानंतर दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझा इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला आणि म्हणाली, "जा."

ठाण्यात लेखी जबाब दिला. साहेबांनी दोनदा वाचला, दोन तास बसवून ठेवलं, पुन्हा बोलावू म्हणाले. मॅनेजरचा माणूस घरी येऊन गेला. नव्या कंपनीलाही कळवलं. त्यांनी 'कळवतो' असं उत्तर दिलं. एक तारीख गेली. कोणी कळवलं नाही.

काल चंपतरावांच्या गावी गेलो. गोपिकाबाई शेतात निंदण करून नुकत्याच घरी आल्या होत्या, पायाला चिखल होता. मला ओळखत नव्हत्या. मी म्हटलं, "मी चंपतरावांच्या ऑफिसात होतो. गाड्या मीच सोडायचो."

त्यांनी खाट दाखवली. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. चार घंटे मागितले होते तिथून सहीपर्यंत. मुलगी दारात येऊन उभी राहिली होती.

मी थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हंजे पिले नव्हते."

"नाही. ते कधीच पीत नव्हते. मले माहीत होतं."

"मंग सही काहून केली?"

"भ्यालो."

त्यांनी मान हलवली, एखादा हिशोब जुळल्यावर हलवतात तशी. मग विचारलं, "तुम्ही झोपेतून उठवलं तवा आवाज कसा होता त्यांचा?"

मी म्हटलं, "जड होता."

"झोपेतून उठले का मले पाणी मागत. तुमाले काही मागितलं का?"

"नाही. निघतो म्हणाले."

त्या मुलीकडे वळून म्हणाल्या, "आयकलं का वं? बाबा पिले नव्हते." मुलगी रडली नाही. आत गेली आणि दार लावून घेतलं. गोपिकाबाईंनी बादलीतलं पाणी घेऊन पाय धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि चपला घातल्या.

"चला," म्हणाल्या.

मला वाटलं, बस स्टॉपपर्यंत सोडायला येतात. त्या शेजारच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आतून म्हातारे गृहस्थ बाहेर आले. गोपिकाबाई त्यांना म्हणाल्या, "काकाजी, हे ऑफिसचे आहेत. काय सांगून राहिले ते आयका." मग मला म्हणाल्या, "सांगा."

मी सांगितलं.

तिथून पुढच्या घरी. तिथंही सांगितलं. मग त्यांच्या दिराकडे, मग पोलीस पाटलांकडे, मग मास्तरांकडे. त्या पुढे चालत, मी मागे. प्रत्येक दारात त्या एवढंच म्हणत, "सांगा." तिसऱ्या घरानंतर मी त्यात कमी-जास्त करणं सोडून दिलं. रात्रभर चालवून आले होते, झोप मागितली, मी दिली नाही, पिले नव्हते, मी खोटी सही केली. कोणी शिवी दिली, कोणी नुसतं पाहिलं. एका बाईनं मला पाणी आणून दिलं, गोपिकाबाई म्हणाल्या, "प्या," मग मी प्यायलो.

किराणा दुकानापुढे सात-आठ माणसं बसली होती. सांगून झाल्यावर त्यातला एक जण उठला आणि माझ्या शर्टाची कॉलर धरली. गोपिकाबाई मोठ्यानं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "सोड त्याले, गा. बोलायसाठी पाहिजे मले तो. अजून आठ घरं राहिले."

त्यानं सोडलं.

बाई, या सगळ्यात मला काही वाटलं की नाही, हे मला नीट सांगता येत नाही. हलकं वाटलं नाही. फक्त पाय दुखत होते आणि ते दुखतात हे मला समजत होतं.

शेवटच्या घराला कुलूप होतं. वाडीकडे जाणारी साडेपाचची बस रस्त्यावर येऊन उभी होती. मी तिकडे पाहिलं. गोपिकाबाईंनीही पाहिलं. त्या ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "याच घरातून पहिल्यांदा निघालं होतं, पिऊन मेला म्हणून. वावरातून येतील ते. थांबा."

मी दुसऱ्या टोकाला बसलो. बस गेली. सात वाजता ते लोक आले, बैल बांधले, हात-पाय धुतले. गोपिकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मी उठून उभा राहिलो आणि सांगितलं.

अनंत